सामाईक पाइप

वाटणीत दोघा भावांनी गच्ची वाटली, खोल्या वाटल्या, आईचे डबेसुद्धा मोजून घेतले आणि अंगणात मधोमध भिंत घातली. जमिनीखालचा पाण्याचा पाइप तेवढा सामाईक राहिला, आणि मेला फुटला तो नेमका त्या भिंतीखाली. "त्यांच्या बाजूने खणा," हा आमच्या ह्यांचा हेका. पलीकडे भाऊजींचंही तेच. मी आणि जाऊबाई मात्र कोपऱ्यावरच्या नळावरून बादल्या वाहून कंबर मोडून घेत होतो.

शेवटी दोघे कामावर गेल्यावर आम्हीच प्लंबर बोलावला. त्याने भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड पाडलं आणि पाइप बघून कपाळाला हात लावला. "पार सडलाय हो. सगळा नवा टाकावा लागेल. तोवर दोन-चार दिवस भिंत अशीच उघडी राहू द्या."

भगदाडातून जाऊबाई म्हणाल्या, "ये गं, इकडनंच ये. चहा टाकते."

मी पाय उचलला, तेवढ्यात इकडून हे आले आणि तिकडून भाऊजी. वाटणीनंतर पहिल्यांदाच दोघे भाऊ एका सुरात बोलले.

"आधी भिंत बुजवा. पाण्याचं नंतर बघू."