गाण्यात नसलेला आवाज

दुकानातल्या बंद खोलीत विक्रेतीने नवराबायकोला एकच गाणं तीन स्पीकरवर ऐकवलं: स्वस्त, मधला, महागडा. "आपल्याला स्वस्तातला पुरेल," बायको म्हणाली. "परक्यांसमोर माझी लाज काढतेस?" नवरा हसत म्हणाला. विक्रेती स्पीकरच्या रंगांचे नमुने आणायला बाहेर गेली, तसा त्याने महागड्याचा आवाज वाढवला. विक्रेतीला ते गाणं तोंडपाठ होतं. मध्येच आलेला धप्प आवाज त्यातला नव्हता. तिने दार ढकललं. तो बायकोचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटत होता. विक्रेतीने त्याचा हात पिरगळला. त्याच्या कोपराने तिचा दात पडला, तरी तिने पकड सोडली नाही. सहकारी धावत आले तेव्हा कुठे तो आडवा झाला. बायकोने स्पीकरची वायर उपटली. "घरीही हा गाणं मोठं लावूनच मारतो," ती म्हणाली. "शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस, नवरा हौशी मिळाला."