कूस बदलणे

परीक्षक येणार म्हणून हीना मॅडमनी नर्सिंगच्या मुलींकडून सरावाच्या खोलीत खाटेवरच्या रबरी बाहुलीवर सगळा पाठ घोटून घेतला. साबिया बाहुलीवर वाकून म्हणाली, "आजी, मी साबिया. तुम्हाला जरा कुशीवर वळवू का?" आणि रबराच्या होकारासाठी अदबीनं थांबली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आजीची कूस वेळच्या वेळी बदलली जाई. मायेत काडीची कसूर नव्हती.

चाकणच्या कंपनीत कंबर मोडून घेतलेला ज्योतीराम, वॉर्डात जागा नाही म्हणून, त्याच खोलीच्या दाराबाहेर खाटेवर पडून होता. अख्ख्या मजल्याला सिस्टर एकच. त्याच्या पाठीच्या जखमेचा वास हल्ली मॅडमनाही येई, पण गुण बाहुलीला होते, माणसाला नव्हते.

"दम धरा, ज्योतीरामभाऊ," जाता जाता त्या म्हणाल्या. "परीक्षा उरकली, की मुली तुमच्याकडेच पाठवते."

ज्योतीराम आतल्या पांढऱ्याशुभ्र चादरीकडे बघत राहिला.

 

"त्यापरीस असं करा मॅडम, तुमची ती आजी कवा गेलीच, तर तिच्या खाटंवर तेवढा माझा नंबर लावा."