आग्नेसला माती

काचेच्या डबीत काही नव्हतं.

चिंचेनं घासलेली तिची पितळी चौकट लखलखत होती. आतला लाल मखमलीचा तुकडाही जागच्या जागी होता. त्यावरचा तांदळाच्या कणीएवढा हाडाचा तुकडा तेवढा नव्हता. सिस्टर जसिंतांनी डबी हलवून पाहिली, खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली. मागची लाखेची मोहर फुटली होती.

आज संत आग्नेसचा सण. मुलींचं हे वसतिगृह तिच्याच नावाचं, आणि रोमहून आलेला तिचा हा पवित्र अवशेष सिस्टरांच्या हवाली केलेला. वसईचे पाहुणे घेऊन फादर सुशील निघाले होते. जव्हार सोडल्याचा त्यांचा फोनही येऊन गेला होता. मिसाच्या प्रार्थनेला हीच डबी वेदीवर ठेवायची होती.

व्हरांड्यात मुली पताका बांधत होत्या.

"या डबीला कुणी हात लावला का गं? आतलं हाड नाही."

"उंदरानं नेलं असंल, सिस्टर," एक जण म्हणाली.

"हां, तुझ्यासारखाच उंदीर," नवशी म्हणाली. "परवा लाडू पण त्यानंच नेले."

सगळ्या खिदळल्या. एरवी सिस्टरही हसल्या असत्या. पण डबी काल घासायला कुणाकडे दिली होती ते त्यांना आठवलं, आणि त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या.

म्हातारी फागी चुलीवरचा भात हलवत होती. या वसतिगृहाचा सगळा स्वयंपाक तिच्याच हातचा. आज दोन्ही तळहातांना तिनं फडकी बांधली होती.

"फागीबाई, यातलं हाड कुठं गेलं?"

"दिली तिला माती," वरणात मीठ घातलं म्हणावं तशा सुरात फागी म्हणाली.

"काय?"

"चल, दाखवते."

स्वयंपाकघराच्या मागं मोहाचं झाड होतं. भांड्यांचं पाणी तिकडं जायचं, म्हणून तिथली माती पौषातही ओली असायची. झाड ओलांडलं आणि सिस्टर जागीच थांबल्या.

समोर ताजी कबर होती. लहान मुलीच्या लांबीची.

माती हातानं थापून सारवलेली. उशाला एक दगड. मधोमध मूठभर तांदूळ, नागलीची भाकर आणि लहान मापाच्या हिरव्या बांगड्या. सकाळी ज्यांना नावानं हाका मारून उठवलं त्या साऱ्या मुली सिस्टरांच्या डोळ्यांपुढून सरसर गेल्या. वांगणीची, मोखाड्याची, परवा ताप आलेली. यातली कोण नव्हती मघाशी व्हरांड्यात?

"फागीबाई... कोण आहे ही?"

"तीच. डबीतली."

सिस्टरांनी मोहाच्या बुंध्याचा आधार घेतला.

"अहो, त्या एवढ्याशा कणीसाठी एवढी..."

"काल तूच सांगितलंस ना, सतराशे वरसांमागची, तेरा वरसांची पोर म्हणून? मारून टाकली म्हणून?" फागीनं विचारलं. "मंग केवढी खणू? पाय नाय पसरायचे पोरीनं?"

"फागीबाई, तिला पुरलं होतं. तेव्हाच. रोममध्ये, चांगलं नीट पुरलं होतं."

फागी दचकली. इतका वेळ शांत असलेला तिचा चेहरा पार उतरला.

"पुरली होती? मंग उकरली कोणी?"

उत्तर सिस्टरांना ठाऊक होतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांनी ते कितीदा तरी समजावून सांगितलं होतं.

"लोकांना तिचं दर्शन घडावं म्हणून," त्या म्हणाल्या. "श्रद्धेनं ठेवतात. जपून."

"सतराशे वरसं?"

सिस्टरांनी हातातल्या रिकाम्या डबीकडे पाहिलं.

"पोरींना तूच शिकवलंस, बाय. मी तांदूळ निवडत ऐकत होती. भुकेल्याला अन्न द्या, तान्हेल्याला पाणी द्या, मेलेल्याला माती द्या. वर्गात पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलंस." फडकी बांधलेले हात फागीनं पदराला पुसले. "अन्नपाण्याचं मी रोजच करते. मातीचं राहिलं होतं."

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. पुढच्या अंगणात मुलींचा गलका उठला.

सिस्टर भानावर आल्या. वेदी, पाहुणे, फादर, रोमचा सही-शिक्क्याचा कागद, सगळं एकदम डोक्यात आलं. बुंध्याला टेकून ठेवलेलं फावडं त्यांनी उचललं. एवढ्या लांब त्या मातीत ती कणी कुठं सापडणार होती, हे त्यांनाही कळत होतं. तरी त्यांनी उशाच्या दगडापाशी फावडं टेकवलं.

फागी आडवी आली नाही. ती खाली बसली. मातीवरची भाकर तिनं उचलली, मग एकेक बांगडी, वाजू न देता, पदरात घेतली आणि बाजूला सरकली.

"काढायची तं काढ, बाय. पण आधी तिला हाक मार. दचकंल. आताच निजलीय."

फावडं तिथंच राहिलं.

स्वयंपाकघराला वळसा घालून मुली धावत आल्या. पुढं नवशी, हातात उरलेली पताका.

"सिस्टर, फादर आले! सिस्टर, चला ना, फादर आले!"

सिस्टर जसिंतांनी चटकन ओठांवर बोट ठेवलं.