एकच रेघ

"एकच रेघ! पास!" दादा भर प्रयोगशाळेत आनंदाने ओरडला. त्याच्या गोदामातल्या शेंगदाण्यांत बुरशीचं विष आहे का, हे चाचणीच्या पट्टीवर तपासत होते मी, त्याची सख्खी बहीण. गेल्या महिन्यात वहिनीच्या पट्टीवर दोन रेघा उमटून गोड बातमी कळली, तेव्हापासून साहेब स्वतःला पट्ट्यांचे जाणकार समजत होते. "दादा, इथे उलटं असतं. विष असलं की दुसरी रेघ उमटतच नाही." "अगं, दाणे बघ कसे टपोरे आहेत! भावाला एवढं सांभाळून घे." "पट्टीला भाऊ नसतो." तरी मी पुन्हा तपासलं. पुन्हा एकच रेघ. मी 'नापास'चा शिक्का उचलला. दादाचा चेहरा उतरला. मग त्याने खिशातून वहिनीसाठी निवडून बांधलेली दाण्यांची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. "मार शिक्का. पण आधी ही फेक."