हिरवी नंबर प्लेट

सोनिवलीच्या हरिचंद्रशेठना यंदा नगरपालिकेचं तिकीट हवं होतं आणि त्यांच्या लेकीला, रिद्धीला, इलेक्ट्रिक कार. बदलापूरच्या शोरूमवाल्याने चक्कर मारून बघायला म्हणून गाडी बाहेर काढली, तसा शेठचा हात कपाळाला गेला.

"अरे, ही हिरवीगार नंबर प्लेट कोणी लावली?"

"शेठ, इलेक्ट्रिकला हिरवीच येते. सरकारचा नियम आहे."

"सरकार आपलं असून?"

"पप्पा, हिरवा म्हणजे पर्यावरण," रिद्धीने समजावलं.

"तुला पर्यावरण दिसतंय गो बाय! प्रचाराला ही घेऊन फिरलो तर समोरची पार्टी माझा फोटो काढून गावभर फिरवेल. तिकीट तर जाईलच, वर हळदीलाही कोणी बोलावणार नाही. भगवी लावून द्या हो."

"भगवी आरटीओ पास करणार नाही शेठ. मग पेट्रोलची घ्या ना, तिला पांढरी प्लेट असते."

शेठचा जीव भांड्यात पडला. पुढच्याच आठवड्यात पेट्रोलची गाडी दारात आली. बॉनेटवर भगवा झेंडा लागला, चाकाखाली लिंबू चिरडलं, कार्यकर्त्यांनी घोषणा दिल्या आणि धर्म वाचवल्याच्या समाधानात शेठनी गाडी थेट पंपावर नेली.

"टाकी फुल्ल कर रे!"



मागच्या सीटवरून रिद्धी म्हणाली, "पप्पा, हे तेल अरबस्तानातून आलंय. टाकीत आधी दोन थेंब गोमूत्र सोडायचं का?"