मागून कापलेला कोट

“कात्री द्या,” ती म्हणाली.

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत तिनं कात्री मागितली नव्हती. नखांसाठी, हो. कपड्यांसाठी कधीच नाही.

मेलेल्या माणसाला कोट चढवणं सोपं नसतं. हात वळत नाहीत. म्हणून सगळीकडे एकच रीत. कोट मागून कॉलरपासून खालपर्यंत सरळ कापायचा, पुढून बाह्या सरकवायच्या, कडा पाठीखाली खोचायच्या. शवपेटीत पाठ कोण बघतं?

ती बघायची. शवागारात मृतांना आंघोळ घालून कपडे चढवायचं काम तिचं. कोमट पाण्याची फडकी खांद्यांवर ठेवून, कोपरं चोळचोळून ती हात सैल करायची. तास लागो, दोन लागोत. चर्चचे पाळक थडग्यापाशी उभे राहून जे वाचायचे, ते तिनं फार सरळ मनानं घेतलं होतं. शेवटच्या दिवशी माणूस उठणार. मग ज्या कपड्यांत निजला त्याच कपड्यांत उठणार. “पाठ उघडी टाकून चारचौघांत उभा राहील का बिचारा?”

“मग बूटही घाला की,” भाऊ एकदा म्हणाले होते. भाऊ तिथले सगळ्यात जुने कर्मचारी, त्यांना चेष्टेचा परवाना होता. “लांबचा पल्ला आहे.”

दुसऱ्या दिवसापासून ती बूटही घालू लागली.

आणि आज कात्री.

टेबलावर: पुरुष. पन्नाशीचा. ट्रक चालवायचा. झोपेत हृदय बंद पडलं.

त्याआधी: दोन वर्षांपूर्वी, एका सोमवारी सकाळी, रात्रीची दारू उतरलेली नसताना त्यानं ट्रक फुटपाथवर घातला. फुटपाथवर तिचा मुलगा होता. एकोणीस वर्षांचा. एकुलता एक.

त्यानंतर: साक्षीदार फिरले. हा सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिच्या शेजारून निघून गेला. एक शब्द बोलला नाही.

बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. कोट तिनंच आणून दिला होता, इस्त्री करून. आत कोण काम करतं हे तिला ठाऊक होतं. “तुमच्या हातात देते,” एवढंच म्हणाली होती. मान वर केली नव्हती.

आत तिनं तो कोट पालथा पसरला. कॉलर जाड होती, कात्री अडली. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला.

कॉलर.

खांदे.

कंबर.

“उभा राहू दे असाच,” ती म्हणाली. “सगळे बघतील. माझा पोरगाही बघेल.”

भाऊंना हायसं वाटलं. बाई दोन वर्षं दगडासारखी वावरत होती, आज निदान राग तरी आला. आणि हायसं वाटलं की माणूस जरा जास्त बोलतो.

“बरं केलंत, ताई. उगाच जीव काढत बसायचात एकेकासाठी. सगळ्यांचा कापतातच. तुमच्या पोराचाही मीच...”

भाऊ थांबले.

कात्रीही थांबली.

“काय?”

“काही नाही.”

“भाऊ. तुम्ही मला सांगितलंत, नीट घातला म्हणून.”

भाऊ नळाकडे बघत राहिले. “तुम्ही बाहेर बेशुद्ध पडलेल्या. लोक खोळंबलेले. हात वळत नव्हते, ताई, एक तर तीन ठिकाणी मोडलेला. काय करणार होतो? तो निळा शर्ट, तुम्ही शिवलेला... मागून कापला. कडा खोचल्या. तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?”

ती स्टुलावर बसली.

नळ ठिबकत होता. चौदा वर्षं. परक्या माणसांच्या पाठी तिनं झाकल्या, भिकाऱ्यांच्या, बेवारशांच्या. आणि त्या सकाळी, सगळे उठतील तेव्हा, तिचा पोरगा हात मागे नेऊन पाठ चाचपेल. लाजाळू पोर. घरातही बनियनवर फिरायचा नाही. ती असेल कुठे? तिला कुठे पुरतील कोण जाणे. पेटी आता उकरता येणार नव्हती. जे कापलं ते मातीखाली कापलेलंच राहणार होतं.

“याचा खड्डा कुठे काढलाय?” तिनं विचारलं.

“त्याच ओळीत. तुमच्या पोरापासून तिसरा.”

ती उठली. सुई काढली, काळा दोरा ओवला आणि कोट शिवायला घेतला. खालून वर. बारीक, दुहेरी टाके, पाठीवर शिवण दिसू नये असे. मग तिनं फडकी भिजवून त्याच्या खांद्यांवर ठेवली. त्याची कोपरं चोळली. त्याचे तळहात उघडले, ज्या तळहातांत ते स्टिअरिंग होतं, आणि एकेक बोट सरळ केलं. हे करताना ती रडत होती. आणि दात आवळलेले होते. माफ केलं असं तिला एकदाही वाटलं नाही.

दीड तासानं कोट अंगावर बसला. अख्खा.

बाहेरून पाळकांनी दारावर टकटक केली. पेटी न्यायची वेळ झाली होती.

“थांबा,” ती म्हणाली. तिनं दुसरी सुई घेतली आणि निळा दोरा ओवला. हातभर लांब, शेवटाला गाठ. ती सुई तिनं त्याच्या कोटाच्या वरच्या खिशात, हाताला पटकन लागेल अशी टोचून ठेवली.

मग वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्याशी बोलत होती.

“उठलास की आधी माझ्या पोराकडे जा. त्याचा शर्ट मागून फाटलाय. तेवढा शिवून दे.”