निवेपर्यंत

रविवार दुपारची तालीम संपली तशी सगळ्यांना घरचे वेध लागले. ड्रमवाल्याला तर बायकोचे दोन फोन येऊन गेले होते. गिटारवाल्या काकांनी मात्र आपल्या ॲम्प्लिफायरजवळ खुर्ची ओढली.

"तुम्ही व्हा पुढे. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापलेत. असेच गाडीत घातले तर खड्ड्याखड्ड्यांत जीव सोडतील. अर्धा तास निवू देत."

सगळे पांगल्यावर हॉलचा रखवालदार किल्ल्या खुळखुळवत आला. "काका, हा तर नवा ना? बिनव्हॉल्व्हचा? गेल्या महिन्यात तुम्हीच कौतुकानं दाखवलात की!"

काका उगाचच ॲम्प्लिफायरचं कव्हर सारखं करत राहिले.

रखवालदारानं दुसरी खुर्ची ओढली. "बसा निवांत. माझंही कुलूप अजून निवायचंय."